अपूर्ण मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचे प्रकाशन

अपूर्ण मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचे प्रकाशन म्हणजे एखाद्या सॉफ्टवेअरचा मूळ संकेत, अर्थात सोर्स कोड, काम पूर्ण होण्याआधीच मुक्त परवान्याखाली सर्वांसाठी खुला करणे होय. त्रुटी लवकर लक्षात याव्यात आणि इतरांना विकासात सहभागी होता यावे, हा त्यामागील हेतू असतो.

== इतिहास ==
फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी सप्टेंबर १९९१ मध्ये लिनक्स कर्नेलची ०.०१ ही आवृत्ती प्रकाशित केली. ती संकलित करण्यासाठी मिनिक्स ही दुसरी प्रणाली आवश्यक होती. १.० आवृत्ती मार्च १९९४ मध्ये आली. या विकासपद्धतीचे विवेचन करताना एरिक रेमंड यांनी १९९७ मधील ‘द कॅथेड्रल अँड द बझार’ या निबंधात लवकर व वारंवार प्रकाशन करण्याचे तत्त्व मांडले.

== अपूर्णता दर्शविण्याच्या पद्धती ==
१.० पेक्षा लहान आवृत्ती क्रमांक तसेच ‘अल्फा’ व ‘बीटा’ या संज्ञा अपूर्णतेच्या निदर्शक मानल्या जातात. १९९३ मध्ये सुरू झालेल्या ‘वाइन’ या सॉफ्टवेअरची १.० आवृत्ती जून २००८ मध्ये, म्हणजे सुमारे पंधरा वर्षांनी आली. तोपर्यंत त्याच्या अपूर्ण आवृत्त्या वापरात होत्या. डेबियन प्रकल्पात अस्थिर, चाचणी व स्थिर अशा तीन शाखा असतात.

== महाराष्ट्रातील उदाहरण ==
मुंबईतील फ्रॅपे टेक्नॉलॉजीज या कंपनीने विकसित केलेले ‘ईआरपीनेक्स्ट’ हे व्यवसाय व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर जीपीएल परवान्याखाली उपलब्ध आहे. त्याची विकासाधीन शाखा व क्रमांकित स्थिर शाखा या दोन्ही सर्वांसाठी खुल्या आहेत. हिशेब, साठा व वेतन यांच्या नोंदी अशा सॉफ्टवेअरमध्ये ठेवल्या जात असल्याने प्रत्यक्ष व्यवहारासाठी स्थिर शाखा, तर चाचणी व योगदानासाठी विकासाधीन शाखा वापरणे इष्ट ठरते.

== जोखीम ==
अपूर्णतेची सूचना वापरकर्त्यांपर्यंत न पोहोचल्यास गैरसमज निर्माण होतात. १९९५ मध्ये एका सीडी विक्रेत्याने डेबियनची विकासाधीन आवृत्ती ‘१.०’ या नावाने वितरित केली. गोंधळ टाळण्यासाठी प्रकल्पाने तो क्रमांक वगळून १९९६ मध्ये १.१ आवृत्ती प्रकाशित केली. जानेवारी २००८ मधील केडीई ४.० मध्ये अनेक सुविधा अपूर्ण होत्या. तरीही काही लिनक्स वितरणांनी ती स्वीकारल्याने वापरकर्त्यांत नाराजी पसरली.

बहुतेक मुक्त परवाने सॉफ्टवेअरची कोणतीही हमी देत नाहीत. त्यामुळे ज्ञात त्रुटींची यादी, स्थापनेच्या सूचना आणि परवान्याचा स्पष्ट उल्लेख प्रकाशनासोबत देणे महत्त्वाचे असते. परवाना नमूद नसल्यास संकेत सर्वांना दिसत असला, तरी त्यात बदल करण्याचा किंवा तो वितरित करण्याचा हक्क इतरांना आपोआप मिळत नाही.