किनाऱ्यालगतचा उथळ समुद्र : एक सुपीक शेत

समुद्र विस्तीर्ण असला तरी तो सर्वत्र सारखा सुपीक नसतो. बहुतेक मासळी किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातच मिळते. किनाऱ्यापासून पाण्याखाली हळूहळू उतरत जाणाऱ्या भूभागास समुद्रबूड जमीन म्हणतात. तिच्यावर पाण्याची खोली साधारणपणे २०० मीटरपर्यंत असते. मुंबईसमोर ही जमीन बरीच रुंद असून दक्षिणेकडे ती अरुंद होत जाते.

पिकास ऊन व खत लागते, तसेच समुद्रासही लागते. सावित्री, वाशिष्ठी यांसारख्या नद्या पावसाळ्यात गाळाबरोबर पोषक द्रव्ये आणतात. त्यांवर व सूर्यप्रकाशावर डोळ्यांना न दिसणाऱ्या तरंगत्या वनस्पती वाढतात. त्या सूक्ष्म जीव खातात. या दोहोंवर तारली, बांगडा पोसतात आणि त्यांवर सुरमईसारखे मोठे मासे जगतात.

या शेताची रोपवाटिका म्हणजे खाडी. कोळंबीच्या अनेक जाती समुद्रात अंडी घालतात. पण त्यांची पिले खाडीत येऊन तिवरांच्या मुळांच्या आसऱ्याने वाढतात व मग समुद्रात परततात. म्हणून तिवरे तोडली की नुकसान खाडीपुरते राहत नाही, ते समुद्रातील जाळ्यापर्यंत पोहोचते.

बारीक आसाच्या जाळ्यात पापलेटची व इतर माशांची पिलेही सापडतात. ती कवडीमोलाने विकली जातात. कित्येकदा त्यांची कुटी किंवा खत होते. पोटरीत आलेले भात कापून गुरांना घालावे, तसाच हा प्रकार आहे. सन २०२३ मध्ये राज्य मासा म्हणून घोषित झालेल्या पापलेटलाही हा धोका आहे.

यासाठी ग्रामसेवकांनी व बागायतदार, मच्छीमार बंधूंनी पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे :

१. राज्याच्या सागरी हद्दीत यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदी असते. ती काटेकोरपणे पाळावी.

२. ट्रॉल जाळ्याच्या खोळाला ४० मिलिमीटर चौकोनी आस ठेवावा.

३. तिवरे तोडू नयेत. खाडीत भराव किंवा कचरा टाकू नये.

४. डोंगरउतारावर बांधबंदिस्ती करावी व कीटकनाशकांचे डबे ओढ्यात धुऊ नयेत. ओढ्याचे पाणी शेवटी खाडीसच मिळते.

बियाणे खाऊन टाकणाऱ्यास पुढील हंगामात पेरण्यास काही उरत नाही. समुद्रात पेरणी निसर्ग करतो. बियाणे राखणे मात्र आपल्याच हाती आहे.