काचेतला मिशाळ मासा आपल्याला ओळखतो काय?

उंब्रज हे तारळी आणि कृष्णा यांच्या संगमावरचे गाव. मासा आम्हाला नवा नाही. शिवडा, मरळ, वाम ही नावे इथली पोरे शाळेत जाण्याआधीच शिकतात. पण मासा म्हटला की तो जाळ्यात, पाटीत, नाहीतर कालवणात. आता तो घरात काचेच्या पेटीतही राहायला आला आहे. दोन खोल्यांच्या घरातसुद्धा टीव्हीशेजारी दीड-दोन फुटांची टाकी दिसते. वरच्या पाण्यात रंगीत मासे फिरतात आणि तळाशी एक काळपट मासा काचेला तोंड चिकटवून बसलेला असतो. दुकानदार त्याला ‘सकर’ म्हणतो.

मग घरोघर एकच वाद रंगतो. पोरगे म्हणते, “मी आलो की तो पुढे येतो, मला ओळखतो.” आजी म्हणते, “माशाला कसली आलीय अक्कल!” हा वाद हसण्यावारी न्यावा असा नाही. जीव घरात आणला की तो काय जाणतो, त्याला काय लागते, हे माहीत असायलाच हवे.

अंगभर जीभ

सकर हा मिश्यांच्या माशांच्या मोठ्या कुळातला. आपला शिवडा, मांगूर, शिंगाळा हे सारे त्याचेच भाऊबंद. दुकानात ‘शार्क’ म्हणून विकले जाणारे बोटभर रुपेरी पिल्लूही खरा शार्क नव्हे. तो मिशाळ कुळातला पंगस. मोठा झाला की हाच मासा बाजारात तराजूवर येतो.

हे मासे बहुधा गढूळ पाण्यात आणि रात्रीच्या अंधारात वावरतात. त्यामुळे त्यांचा भरवसा डोळ्यांवर कमी असतो. चव ओळखण्याच्या गाठी आपल्या जिभेवर असतात, पण या कुळातल्या अनेक माशांना त्या मिश्यांवर आणि सगळ्या अंगावर असतात. अमेरिकेतल्या एका जातीच्या अंगावर अशा गाठी लाखाहून अधिक असतात. म्हणजे तो मासा अंगानेच पाणी चाखत फिरतो. नाक तीक्ष्ण. कानही चांगले, कारण पोटातला हवेचा फुगा आणि आतला कान यांना जोडणारी बारीक हाडांची साखळी या माशांना असते. फुग्यावर पडलेला आवाज त्या साखळीतून कानापर्यंत पोहोचतो. आपली पावले, झाकणाचा खडखडाट, भांड्याचा आवाज त्याला कळतो तो असा.

शिट्टीवर येणारा मासा

मासे बहिरे असतात, असे पूर्वी अनेक शास्त्रज्ञही म्हणत. ऑस्ट्रियात जन्मलेले कार्ल फॉन फ्रिश यांनी ते खोटे ठरवले, आणि तेही एका मिशाळ माशाच्या मदतीने. तो मासा आंधळा होता आणि टाकीतल्या नळीत दडून बसे. फॉन फ्रिश खाणे देण्याआधी दर वेळी शिट्टी वाजवत. काही दिवसांनी नुसती शिट्टी ऐकली की मासा नळीबाहेर येऊ लागला. हा प्रयोग त्यांनी १९२३ साली प्रसिद्ध केला. पुढे मधमाश्यांच्या नाचाची भाषा उलगडणारे ते हेच. १९७३ साली त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

१९६७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. तिथल्या पिवळ्या रंगाच्या मिशाळ माशांना आपल्यातला कोण कोणता हे वासावरून कळते. डोळे निकामी केले तरी ओळख राहिली. नाक निकामी केले तेव्हा ती गेली. शेजारी कोण, दांडगा कोण, नमता कोण, हा हिशेब ते वासावर ठेवतात. माशाची आठवण तीन सेकंद टिकते, ही निव्वळ ऐकीव गोष्ट आहे. ऑस्ट्रेलियातल्या एका छोट्या माशाने जाळ्यातून सुटण्याची वाट एकदा शिकल्यावर अकरा महिन्यांनीही लक्षात ठेवल्याचे २००१ साली प्रसिद्ध झाले.

मग माणूस ओळखतो काय?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. तोंडातून पाण्याची चिळकांडी मारून किडे पाडणारा एक मासा आहे. ओळखीचा मानवी चेहरा इतर अनेक चेहऱ्यांतून तो निवडू शकतो, हे २०१६ साली प्रयोगाने दिसले. २०२५ साली भूमध्य समुद्रातला प्रयोग प्रसिद्ध झाला. तिथले मोकळे मासे खाऊ देणाऱ्या पाणबुड्याच्याच मागे जात. पण दोन्ही पाणबुड्यांनी सारखाच पोशाख घातला तेव्हा त्यांना फरक करता येईना. मासे कपड्यांच्या रंगावरून माणूस ओळखत होते.

हे दोन्ही मासे मिशाळ कुळातले नव्हेत. म्हणून सकर मालकाचा चेहरा ओळखतो असे कुणी ठासून सांगितले, तर पुरावा मागावा. पण वेळ, पावलांचा हादरा, डब्याचा आवाज, काचेपलीकडची आकृती या खुणा खाण्याशी जोडायला मासा शिकतो, यात शंका नाही. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड आहे. तिथे महसीर जातीचे मोठे मासे माणसांनी टाकलेला खाऊ घ्यायला काठाशी जमतात. लोक त्यांना देवाचे मासे म्हणतात. त्यात चमत्कार काही नाही. तिथे त्यांना कुणी मारत नाही आणि माणूस आला की खाणे मिळते, एवढे त्यांना कळले आहे.

आणखी एक सावधगिरीची गोष्ट. सकर आणि मांगूर हे पाण्यावर येऊन हवाही गिळतात. मासा वरचेवर वर येऊ लागला की “मला भेटायला आला” म्हणून खूश होऊ नये. टाकीतले पाणी शिळे झाले असेल.

घरी करून पाहा

मुलांना सुट्टीत हा प्रयोग जरूर करू द्यावा. त्याला खर्च नाही. रोज संध्याकाळी ठरल्या वेळी एकानेच टाकीजवळच्या टेबलावर चमच्याने दोनदा टकटक करावी. काचेवर मारू नये, मासे बिथरतात. दहा अंक मोजून थोडेसे खाणे टाकावे. पंधरा दिवसांनी तीन गोष्टी वेगवेगळ्या दिवशी कराव्यात. नेहमीच्या माणसाने टकटक न करता नुसते उभे राहावे. दुसऱ्याने तशीच टकटक करावी. मग नेहमीच्याच माणसाने वेगळ्या रंगाचे कपडे घालून आवाज न करता उभे राहावे. मासा केव्हा आला, केव्हा नाही, हे वहीत तारखेनिशी लिहावे. टकटक कुणीही केली तरी तो येत असेल, तर त्याची ओळख आवाजाशी आहे. एकदा घडले म्हणजे खरे मानू नये, चार-पाच वेळा पाहावे. खाणे दोन-चार मिनिटांत संपेल एवढेच टाकावे. उरले की पाणी नासते.

सकर म्हणजे टाकीचा भंगी, असे म्हणून कित्येक जण त्याला खाणेच घालत नाहीत. असले शब्द आपल्या घरात माणसासाठी नकोत आणि माशासाठीही नकोत. सकर शेवाळ खरवडतो, पण इतर माशांच्या विष्ठेवर जगत नाही. संध्याकाळी काकडीची एक चकती त्यालाही लागते, आणि लपायला एखादे खापर.

टाकी लहान पडते तेव्हा

खरी परीक्षा पुढेच आहे. दोन इंचांचा आणलेला सकर फूटभराच्या पुढे जातो आणि दहा वर्षांहून अधिक जगू शकतो. पंगस तर मीटरभर वाढतो. टाकी अपुरी पडली की माणसे दयाबुद्धीने म्हणतात, “सोडा नदीत, जगेल बिचारा.” ही दया महागात पडते. सकर मूळचा दक्षिण अमेरिकेतला. अशाच सोडलेल्या माशांमुळे तो आपल्या देशातल्या कित्येक नद्या-तळ्यांत पसरला आहे. त्याच्या अंगावरच्या कठीण, काटेरी खवल्यांनी जाळी फाटतात, आणि अंडी घालायला तो काठाच्या मातीत बिळे करतो. बाजारात त्याला किंमत नाही. नुकसान होते ते नदीवर पोट असणाऱ्याचे. बाहेरून आलेला थायलंडी मांगूर इथले मासे फस्त करतो, म्हणून त्याच्या पालनावर सरकारला २००० साली बंदी घालावी लागली.

म्हणून आणतानाच दुकानदाराला विचारावे, हा किती वाढेल? लहान टाकीसाठी बोटाएवढाच राहणारा ‘कोरी’ हा मिशाळ मासा बरा. तो कळपात राहणारा, म्हणून पाच-सहा एकत्र ठेवावेत. सकर आधीच घरात असेल आणि वाढला असेल, तर दुकानदाराला परत द्यावा, नाहीतर मोठी टाकी असलेल्या घरी द्यावा. तारळीत किंवा कृष्णेत मात्र सोडू नये.

आपला आवाज ऐकून मासा पुढे येतो, याचा अर्थ खाणे कुठून येते हे तो शिकला आहे. ते आपणच त्याला शिकवले. तेव्हा तो मोठा झाला म्हणून त्याच्याकडे पाठ फिरवू नये, आणि त्याचे ओझे नदीच्या गळ्यातही बांधू नये.