स्वतःच्या प्रोफाइलवर धंद्याची जाहिरात: किती आणि कशी?

बारडोलीसारख्या गावात गिऱ्हाईक आणि ओळखीचा माणूस बहुधा एकच असतो, म्हणून पापड, साड्या किंवा विमा विकणारे स्वतःच्या फेसबुक प्रोफाइलवरच जाहिरात करतात. त्यात गैर काही नाही. पण रोज चार पोस्टी पडू लागल्या की लोक तोंडावर काही बोलत नाहीत, गुपचूप अनफॉलो करतात. मग घरातल्या लग्नाची बातमीही त्यांना दिसत नाही. शिवाय वैयक्तिक खाते धंद्याच्या नावाने चालवणे फेसबुकच्याच नियमांत बसत नाही आणि मित्रांची मर्यादा 5,000 आहे. 1928च्या बारडोली सत्याग्रहात इथे ‘सत्याग्रह पत्रिका’ निघे. ती कशासाठी आहे, हे नावावरूनच कळे. धंद्यासाठी वेगळे फेसबुक पेज काढले की तेच साधते.

“नवे पेज कोण बघतो? धंदा ओळखीवरच चालतो,” हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच ओळखीच्यांना पेजबद्दल जरूर सांगावे, अधूनमधून नव्या मालाची पोस्टही टाकावी. न विचारता टॅग करणे आणि दुसऱ्याच्या वाढदिवसाच्या पोस्टखाली दरपत्रक चिकटवणे मात्र अजिबात नको. भावाच्या दुकानाची शिफारस करताना नातेही सांगावे. केंद्र सरकारने जानेवारी 2023मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी दिलेल्या सूचनांत पैसे, भेटवस्तू, तसेच कौटुंबिक संबंधही उघड करायला सांगितले आहे. आपण इन्फ्लुएन्सर नसलो तरी वाचणारा आपल्यावर विश्वास ठेवूनच पैसे देतो.

पेज किंवा व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस सुरू करताना काही अडले तर खाली विचारा.