गुरगुरतो, पण फिरत नाही

एसी वारा देतो, पण गारवा देत नाही. बाहेरच्या युनिटचा पंखा फिरतो आहे, त्याच्या पोटातून काही सेकंद ‘हूंऽऽ’ असा घुमणारा आवाज येतो आणि ‘टक्’ होऊन तो थांबतो. थोड्या वेळाने पुन्हा तेच. ‘कॉम्प्रेसर गेला’ हा निकाल इथेच दिला जातो, आणि पुष्कळदा तो घाईचा असतो.

कॉम्प्रेसर म्हणजे वेल्डिंगने कायमचे बंद केलेले पोलादी भांडे. गॅस दाबणारा पंप, मोटर आणि तेल सगळे आतच. उघडून पाहायची सोय नाही, म्हणून रोगाची परीक्षा बाहेरूनच करायची.

घरात येते ती सिंगल फेज वीज, सेकंदाला ५० आवर्तनांची. तिने मोटरमध्ये निर्माण होणारे चुंबकीय क्षेत्र वाढते, ओसरते, उलटते. पण गोल फिरत नाही. स्थिर रोटरवर, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या भागावर, दोन्ही दिशांनी सारखाच जोर पडतो आणि तो जागीच थरथरतो. प्रत्येक आवर्तनात हा जोर दोनदा येतो; म्हणजे तो घुमणारा आवाज सेकंदाला १०० धक्क्यांचा असतो. सायकलचे पायडल नेमके माथ्यावर असताना सरळ खाली दाबावे, तसेच हे.

यावरचा उपाय दीडशे वर्षांच्या आतला आहे. इटलीत गॅलिलिओ फेरारिस यांनी १८८५ मध्ये, आणि त्यांच्याशी संबंध नसताना निकोला टेस्ला यांनीही, दाखवून दिले की वेळेत मागेपुढे असलेले दोन प्रवाह वेगवेगळ्या कोनांत बसवलेल्या गुंडाळ्यांतून सोडले, तर चुंबकीय क्षेत्र खरोखर फिरू लागते. टेस्लांची पेटंटे १८८८ ची. घरात मात्र प्रवाह एकच. दुसरा घडवून देतो तो कपॅसिटर: अ‍ॅल्युमिनियमचा, मुठीत मावणारा डबा. तो स्टार्टिंगच्या गुंडाळीतला प्रवाह वेळेत पुढे नेतो आणि रोटरला दिशा मिळते.

याच डब्यात गोम आहे. आतल्या प्लास्टिकच्या पापुद्र्यावर धातूचा अतिसूक्ष्म थर असतो. कुठे ठिणगी पडली की तेवढ्या जागचा धातू उडून जातो आणि भोक आपोआप बंद होते. जखम भरते, पण क्षमता कणाकणाने घटते. अंगावर ४५ मायक्रोफॅरड छापलेले असतात आणि मीटर ३० दाखवतो. मग मोटर उचलत नाही. डब्याचे डोके फुगले असेल तर मीटरचीही गरज नाही. मात्र वीज बंद केल्यावरही त्यात भार साठून राहतो, म्हणून हे काम जाणकाराचेच. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी काढण्याची पद्धत मला तरी पटत नाही; रेझिस्टर लावून भार उतरवावा.

न फिरणारी मोटर नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. तापून जळण्याआधी ओव्हरलोड नावाची दुहेरी धातूची चकती वाकते आणि वीज तोडते. ‘टक्’ तिचे. भांडे फार तापले असेल तर ती पुन्हा जुळायला तासभरही लागतो, म्हणून तापलेल्या कॉम्प्रेसरची तपासणी फसवी ठरू शकते.

कपॅसिटर ठणठणीत असेल तर व्होल्टेज पाहावे. सुरुवातीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो: २३० ऐवजी १८० मिळाले तर तो सुमारे ६१ टक्के उरतो. उन्हाळ्याच्या संध्याकाळी स्टॅबिलायझर लागतो तो यासाठी. एसी बंद करून लगेच चालू केला तरी हीच अडचण, कारण पंपाच्या दोन्ही बाजूंचे दाब समान व्हायला काही मिनिटे जातात.

यानंतरच कॉम्प्रेसरवर संशय घ्यावा. वीज तोडून, तारा काढून कॉमन, रनिंग आणि स्टार्टिंग या तीन टोकांमधले रोध मोजतात. कॉमन-रनिंग आणि कॉमन-स्टार्टिंग यांची बेरीज रनिंग-स्टार्टिंगएवढी आली तर गुंडाळ्या तुटलेल्या नाहीत. एखादे टोक भांड्याच्या पत्र्याशी जुळलेले निघाले तर मात्र कॉम्प्रेसर बदलण्यावाचून इलाज नाही.

इन्व्हर्टर एसीत हा कपॅसिटरच नसतो. तिथे बोर्ड स्वतः तीन फेज तयार करून मोटरला हळूहळू वेग देतो, त्यामुळे बिघाडाचा शोध बोर्डापासून सुरू होतो. आत शिरलेली पालही तिथे शॉर्ट करू शकते.