विकत घेतलेल्या फाइलची किल्ली कोणाकडे?

पैसे मोजून घेतलेले गाणे किंवा ई-पुस्तक नव्या कॉम्प्युटरवर नेले की उघडत नाही, ही तक्रार जुनी आहे आणि अजून संपलेली नाही. फाइल जशीच्या तशी आलेली असते, एक बाइटही इकडचा तिकडे झालेला नसतो, तरी पडद्यावर ‘हा कॉम्प्युटर अधिकृत नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो. मग माणूस फाइल पुन्हा कॉपी करतो, प्लेयर काढून पुन्हा टाकतो, आणि शेवटी फाइलच खराब झाली असे समजून नाद सोडतो. फाइल मात्र ठणठणीत असते. तिला लावलेले कुलूप ठरल्याप्रमाणे काम करत असते, एवढेच. अशा कुलपांची रचनाच अशी आहे की त्यांचा जाच प्रामाणिक ग्राहकाला होतो आणि चोर बाजूने निघून जातो. हे कंपन्यांच्या निष्काळजीपणामुळे घडते असे मानणे सोपे आहे, पण खरे कारण कूटशास्त्राच्या, म्हणजे संदेश गुप्त ठेवण्याच्या शास्त्राच्या, मुळाशी आहे.

त्या मुळाशी जायचे तर ऑगुस्त केर्कहॉफ्सला भेटावे लागते. हा गृहस्थ हॉलंडमध्ये जन्मला आणि पॅरिसमध्ये जर्मन शिकवत असे. पुढे ‘वोलाप्यूक’ नावाच्या कृत्रिम जागतिक भाषेच्या प्रचारात तो इतका रमला की त्या चळवळीच्या अकादमीचा प्रमुख झाला. ती भाषा आज जवळजवळ कोणी बोलत नाही. १८८३ मध्ये एका फ्रेंच लष्करी नियतकालिकात त्याने लिहिलेले दोन लेख मात्र आजही संगणक-सुरक्षेचा पाया आहेत, आणि तरीही संगणकाच्या इतिहासात त्याला तळटीपेपलीकडे जागा मिळत नाही. त्या काळी तारायंत्राने युद्ध बदलून टाकले होते. संदेश तारेवरून जाणार म्हणजे शत्रू तो ऐकणारच, आणि आज ना उद्या सांकेतिक लिपीची पद्धतही त्याच्या हाती लागणारच, हे त्याने गृहीत धरले. म्हणून त्याने घातलेल्या सहा अटींपैकी दुसरी अशी होती की पद्धत शत्रूच्या हातात पडली तरी काही बिघडता कामा नये. गुप्त ठेवायची ती फक्त किल्ली. पुढे गणिती क्लॉड शॅनननेही शत्रूला यंत्रणा ठाऊक आहे असे धरूनच गणित मांडले. आज बँकेचे ॲप किंवा व्हॉट्सॲपचा संदेश सुरक्षित राहतो तो याच नियमावर. त्यांच्या पद्धती छापील आणि उघड आहेत, किल्ली तेवढी दोघांतच राहते.

या मांडणीत तीन पात्रे आहेत: पाठवणारा, घेणारा आणि मध्ये कान लावून बसलेला शत्रू. विकलेल्या गाण्याला कुलूप लावताना तिसरे पात्र नाहीसे होते. घेणारा ग्राहक हाच संशयित ठरतो. त्याला गाणे ऐकू तर आले पाहिजे, म्हणजे किल्ली त्याच्याच यंत्रात पोहोचवावी लागणार. पण ती त्याला सापडता कामा नये. केर्कहॉफ्सचा नियम इथे पाळताच येत नाही. किल्ली गुप्त राहील याची हमी गणित देत नाही, म्हणून ती लपवावी लागते आणि लपवलेली जागा कोणाला कळू नये यावर भिस्त ठेवावी लागते. डीव्हीडीचे तेच झाले. तिच्या कुलपाची किल्ली जेमतेम ४० बिटांची होती आणि प्लेयर बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीला स्वतंत्र किल्ल्या दिल्या होत्या. १९९९ मध्ये एका सॉफ्टवेअर प्लेयरने आपली किल्ली नीट झाकलेली नसल्याचे उघड झाले, आणि नॉर्वेच्या योन लेक योहानसेन या पंधरा वर्षांच्या मुलाने इतरांच्या साथीने कुलूप उघडणारा छोटा प्रोग्रॅम जगापुढे ठेवला. त्याच्यावर खटला झाला. २००३ च्या जानेवारीत तो निर्दोष सुटला आणि त्याच वर्षी अपिलातही सुटला. स्वतः विकत घेतलेली डीव्हीडी पाहण्यात गुन्हा कोणता, हा न्यायालयापुढचा साधा मुद्दा होता. कुलूप तुटल्यावरही डीव्हीडी विकल्या जात राहिल्या आणि जगाचे प्रदेश पाडून एका प्रदेशातली तबकडी दुसऱ्यात चालू न देणारे निर्बंधही राहिले. म्हणूनच अमेरिकेतल्या नातेवाइकाने पाठवलेली प्रदेश १ ची तबकडी प्रदेश ५ च्या भारतीय प्लेयरमध्ये चालत नसे. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्ये प्रदेश बदलता येई, पण मोजून पाच वेळा.

गणित हमी देत नसेल तर मग काय करायचे? किल्ली आणखी कशाशी तरी बांधायची. ॲपलच्या संगीत दुकानाची २००३ पासूनची पद्धत पाहा. गाण्याच्या फाइलमध्ये गाण्याची किल्ली असे, ती खातेदाराच्या किल्लीने बंद केलेली, आणि खातेदाराची किल्ली फक्त अधिकृत केलेल्या कॉम्प्युटरवर उतरत असे. असे कॉम्प्युटर आधी जास्तीत जास्त तीन, २००४ पासून पाच. दुसऱ्या पद्धतीत किल्ली हार्डवेअरच्या ओळखीशी बांधतात, तिसरीत तारखेशी, चौथीत पडद्याशी जोडलेल्या वायरीशी. अशी प्रत्येक गाठ हा बिघाडाचा एक नवा संभव असतो. त्यामुळे फाइल उघडत नाही तेव्हा फाइल सोडून या गाठी तपासाव्यात. बहुतेक वेळा फाइल जुन्या ईमेलवरच्या खात्यातून घेतलेली असते आणि आता माणूस दुसऱ्याच खात्याने आत शिरलेला असतो. किंवा भंगारात गेलेले दोन लॅपटॉप पाचांतल्या दोन जागा अडवून बसलेले असतात. मदरबोर्ड किंवा हार्ड डिस्क बदलली की यंत्राची ओळख बदलते आणि आपलाच कॉम्प्युटर परका ठरतो. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला तर घड्याळ काही वर्षे मागे जाते, आणि सर्व्हरचे प्रमाणपत्र अजून सुरूच झालेले नाही असे समजून यंत्र त्याच्याशी बोलायला नकार देते. अशा वेळी तारीख दुरुस्त केली की सगळे सुरळीत चालते, आणि कोणाचाही विश्वास बसत नाही.

वायरीची गाठ सर्वांत बोलकी आहे. एचडीएमआय केबलच्या दोन टोकांची यंत्रे चित्र सोडण्याआधी एकमेकांच्या किल्ल्या तपासतात. मध्ये स्वस्त स्प्लिटर असेल किंवा प्रोजेक्टर जुना असेल तर तपासणी फसते आणि पडदा काळा राहतो. या यंत्रणेची मूळ किल्ली २०१० मध्येच फुटली, आणि ती खरी असल्याचे ही यंत्रणा बनवणाऱ्या इंटेलने मान्यही केले. म्हणजे ज्याला चोरी करायची आहे त्याच्यासाठी हे दार दीड दशक सताड उघडे आहे. सोसायटीच्या हॉलमध्ये रीतसर घेतलेला चित्रपट दाखवू पाहणाऱ्याच्या वाट्याला काळा पडदा मात्र अजूनही येतो.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो: पट्टीच्या चोरासाठी कुलूप नसतेच मुळी, सहज जाता जाता कॉपी करणाऱ्याला थोपवायला ते पुरते. मुद्दा खरा आहे, पण इंटरनेटवर एकाने कुलूप तोडले की बाकीच्यांना ते तोडावेच लागत नाही. त्यांना तयार प्रत मिळते. खुद्द ॲपलच्या स्टीव्ह जॉब्सने फेब्रुवारी २००७ च्या जाहीर पत्रात हिशेब मांडला होता. २००६ मध्ये कुलूपबंद गाणी विकली गेली दोन अब्जांहून कमी, आणि त्याच कंपन्यांनी सीडीवर कुलपाविना विकली वीस अब्जांहून अधिक. मागचे दार उघडे टाकून पुढच्या दाराला तीन कड्या लावण्याचाच हा प्रकार होता. (या कुलपांमुळे ग्राहक आपल्याच दुकानात अडकून पडत होता, हे जॉब्सला तोवर फारसे खटकले नव्हते, हेही नोंदवायला हवे.) जानेवारी २००९ मध्ये ॲपलने गाण्यांवरची कुलपे काढण्याची घोषणा केली आणि संगीताचा धंदा त्यामुळे बुडाला नाही. दुसरा आक्षेप स्ट्रीमिंगचा, आणि तो मला मान्य आहे. महिन्याच्या भाड्याने चित्रपट दिला तर महिना संपल्यावर तो बंद करण्याचा उपाय देणाऱ्याकडे हवाच. भाड्याला कुलूप शोभते. वाद आहे तो विक्रीचा.

तिसरा आक्षेप वरवर निरुत्तर करणारा आहे: फाइल चालत नसेल तर दुकानातून पुन्हा उतरवून घ्या. पण दुकान असेल तोवरच. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक आपली आणि एक बँकेची. शाखा बंद होणार असेल तर बँक नोटीस काढून आपला ऐवज हाती देते. इथे लॉकर आपल्या घरात असतो आणि शाखा दुसरी किल्ली घेऊन निघून जाते. मायक्रोसॉफ्टने एमएसएन म्युझिकच्या ग्राहकांना २००८ मध्ये कळवले की ३१ ऑगस्टनंतर नवा कॉम्प्युटर अधिकृत करता येणार नाही. ओरड झाल्यावर मुदत वाढवून २०११ अखेरपर्यंत नेली. २००८ मध्येच याहूने आपले संगीत दुकान बंद करताना गाणी सीडीवर उतरवून ठेवण्याचा सल्ला दिला, म्हणजे स्वतःच्या कुलपातून सुटण्याची वाट स्वतःच दाखवली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टचे ई-पुस्तकांचे दुकान मिटले तेव्हा वाचकांच्या यंत्रांवरची पुस्तके बंद पडली. पैसे परत मिळाले, आणि ज्यांनी समासात टिपणे केली होती त्यांना वर २५ डॉलर. टिपणांचा हा भाव कसा काढला असेल, याचे कुतूहल वाटते. २००९ मध्ये ॲमेझॉनने हक्कांच्या वादातून वाचकांच्या किंडलवरून काही पुस्तके परस्पर पुसली, त्यांत नेमके ऑर्वेलचे ‘१९८४’ होते. कंपनीने माफी मागितली. पण पुसता येते हे सर्वांना कळले.

आपला कायदा या बाबतीत अमेरिकेपेक्षा शहाणा आहे, याचा फारसा गाजावाजा होत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात आलेले कलम ६५-अ कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगते, पण त्यामागे हक्कभंगाचा हेतू असला पाहिजे. कायद्याने मनाई न केलेल्या कामासाठी कुलूप उघडणे त्यात येत नाही. एका बाबतीत मात्र तिकडचे घेण्यासारखे आहे: कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून विक्रेत्याला स्पष्ट सांगावे लागते की ग्राहक माल नव्हे, परवाना घेतो आहे. तशी सक्ती इथेही हवी, आणि तिच्या जोडीला आणखी एक: दुकान बंद करणाऱ्याने जाण्यापूर्वी विकलेल्या फाइलींची कुलपे काढून द्यावीत. ते होईपर्यंत वाचकांनी जुना कॉम्प्युटर विकण्यापूर्वी त्याचे ऑथरायझेशन रद्द करावे, कोणती खरेदी कोणत्या ईमेलवरून केली ते लिहून ठेवावे, आणि तेच पुस्तक किंवा गाणे कुलपाविना मिळत असेल तर चार पैसे जास्त देऊन तेच घ्यावे.