ग्लुटेनमुक्त नाश्ता: ज्वारी घरचीच, पण चक्की?

माझ्या लेकीला सिलिॲक आजार निघाला. यात गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते, म्हणून गहू कायमचा बंद. सातची शाळा, मग सकाळी करणार काय? मी फ्रीझर वापरायला लागले.

आपण परभणीकर, इथल्या कृषी विद्यापीठानं 'परभणी मोती'सारखी ज्वारीची वाणं दिलीत. ज्वारीत ग्लुटेन नसतंच. दोन वाट्या ज्वारीचा रवा, एक वाटी उडीद डाळ. पीठ आंबवून इडल्या करायच्या. पूर्ण गार झाल्या की ताटात सुट्या गोठवायच्या, मग डब्यात भरायच्या. सकाळी फ्रीझरमधून काढून थेट वाफेवर ठेवायच्या.

तरी पोरीचं पोट दुखायचंच! मग लक्षात आलं, ज्वारी गव्हाच्याच चक्कीवर दळून यायची. आणि डब्यातल्या हिंगातही बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं. ग्लुटेनमुक्त म्हणवायला किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंतच ग्लुटेन चालतं, म्हणजे चिमूटभर पीठही जास्तच.

आता ज्वारी घरीच, फक्त तिच्यासाठी ठेवलेल्या घरघंटीवर दळते. हिंगाचं लेबल वाचूनच घेते. तुम्हीही पाकिटाआधी चक्की तपासा, बरं का!