स्वतःला सांगितलेली कारणं

1967 च्या सुमारास पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी काही कुत्र्यांना टाळता न येणारे विजेचे धक्के दिले. नंतर उडी मारून सुटण्याची सोय करून दिली, तरी त्यांतले बरेचसे जागीच पडून राहिले. प्रयोग क्रूर होता, हे म्हटलंच पाहिजे. मात्र काही कुत्र्यांनी हार मानली नाही.

माणसांत हा फरक कशाने पडतो? सेलिगमन यांच्या मते, अपयशाचं कारण आपण स्वतःला कसं सांगतो यावर बरंच अवलंबून असतं. दहावीला गणितात नापास झालेली मुलगी ‘मी ढच आहे, माझ्या हातून कधीच काही होणार नाही’ म्हणाली, तर एका पेपरचं अपयश तिने आयुष्यभरासाठी पसरवलं. ‘भूमितीचा सराव कमी पडला’ म्हणाली, तर पुरवणी परीक्षेपर्यंत करण्यासारखं काही उरतं. हा खोटा दिलासा नव्हे. दुसरं वाक्य बहुतेकदा अधिक खरं असतं.

स्वतःला अशी कारणं देण्याची सवय बदलण्यासाठी सेलिगमन यांनी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची रीत घेतली. महाराष्ट्रात ती कि. मो. फडके यांनी रुजवली. घटना, तिच्याबद्दल मनात आलेला विचार आणि परिणाम वेगवेगळे लिहायचे. मग विचाराची उलटतपासणी: पुरावा काय? दुसरं कारण असू शकेल का? हे कागदावरच करावं; मनातल्या मनात जुना विचार सहज जिंकतो.

जिथे चूक जिवावर बेतेल, तिथे सेलिगमनही आशावादापेक्षा सावधपणाच सुचवतात. आणि उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल, झोप-भूक उडाली असेल, तर या लिखाणावर न विसंबता मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं.